एक कांदा, चार पेपर!



‘मोठेपणी तू कोण होणार?’ घरी आलेल्या पाहुण्यांचा हा ठरलेला प्रश्न. चहाचा कप हातात आला की प्रश्न आलाच म्हणून समजा! आणि हल्ली त्याचं एक ठरलेलं उत्तरही असतं, ‘मी कलेक्टर होणार!’ झालं, पाहुणे खूश, आजी खूश, आईबाबांची मान ताठ.

पण गंमत अशी की, त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. ‘कलेक्टर होऊन काय करणार?’ आणि त्याहीपुढचा, ‘त्यासाठी आत्तापासून करायचं तरी काय?’ आज आपण या दोन प्रश्नांच्या मागे लागू या. वाटेत थोडं गणित लागेल, थोडा भूगोल लागेल आणि एक कांदाही लागेल. घाबरू नका, चिरायचा नाहीये!

लाल दिवा विसरा

कलेक्टर म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे लाल दिव्याची गाडी येते. ती तर १ मे २०१७ पासून इतिहासजमा झाली! मग उरतं ते काम. कलेक्टर म्हणजे मुळात शेतसारा गोळा करणारा अधिकारी. इंग्रजांच्या काळातलं हे नाव आजही टिकून आहे. आपण मराठीत ‘जिल्हाधिकारी’ म्हणतो, आणि तोच शब्द खरा नेमका आहे. जमिनीच्या नोंदी, निवडणुका, रेशनचं धान्य, दुष्काळ, पूर या सगळ्याची जबाबदारी शेवटी त्याच टेबलावर येऊन पडते.

एक उदाहरण देतो. ३० सप्टेंबर १९९३. गणपतीचं विसर्जन करून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी परिसराची जमीन हादरली. दगडमातीची घरं बसली आणि हजारो माणसं त्याखाली सापडली. लातूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी होते प्रवीणसिंह परदेशी. आता कल्पना करा, तुम्ही त्या खुर्चीत आहात. ढिगारे कुणी उपसायचे? जखमींना कुठे न्यायचं? रात्री पाऊस आला तर लोक झोपणार कुठे? आणि सहा महिन्यांनी नवी घरं बांधायची तर गाव त्याच जागी वसवायचं की दुसरीकडे? यातल्या एकाही प्रश्नाला अ, ब, क, ड असे पर्याय नसतात!

म्हणूनच अशा कामासाठी माणसं निवडायची तर परीक्षाही तशीच हवी. चला, तिची ओळख करून घेऊ.

लंडनहून आलेली परीक्षा

या परीक्षेचं नाव ‘नागरी सेवा परीक्षा’. ती घेतो केंद्रीय लोकसेवा आयोग, म्हणजेच यूपीएससी. पुष्कळ लोक परीक्षेलाच ‘यूपीएससी’ म्हणतात, पण ते परीक्षा घेणाऱ्या आयोगाचं नाव आहे बरं का!

तिची आजी म्हणजे इंग्रजांची आयसीएस परीक्षा. १८५५ साली ती सुरू झाली, पण फक्त लंडनमध्ये. म्हणजे परीक्षा द्यायची तर आधी बोटीचा लांबलचक प्रवास, तोही घरच्यांचा विरोध पत्करून! तरीही १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर ती उत्तीर्ण झाले. हे पहिले भारतीय, आणि रवींद्रनाथांचे थोरले भाऊ.

आपल्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख तर १९१८ साली त्या परीक्षेत पहिले आले. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा हा मुलगा केंब्रिजमध्ये शिकला वनस्पतिशास्त्र, आणि पुढे झाला रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर! देशाचे अर्थमंत्रीही झाले. संस्कृत, वनस्पती आणि पैसा, बसतोय का मेळ? ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

१९२२ पासून ही परीक्षा भारतातही होऊ लागली. १ ऑक्टोबर १९२६ रोजी लोकसेवा आयोग स्थापन झाला आणि २६ जानेवारी १९५० ला, आपली राज्यघटना लागू झाली त्या दिवशी, तो ‘केंद्रीय लोकसेवा आयोग’ झाला. आज जी तीन टप्प्यांची परीक्षा आपण पाहतो, ती १९७९ पासूनची.

तीन दरवाजे

पहिला दरवाजा : पूर्वपरीक्षा. हिच्यात पर्याय निवडायचे असतात. दोन पेपर, प्रत्येकी २०० गुणांचे. पहिला सामान्य अध्ययनाचा, १०० प्रश्न आणि दोन तास. दुसरा उतारे, गणित आणि तर्क यांचा. त्यात ३३ टक्के मिळवून फक्त पास व्हायचं असतं. पण खरी मेख आहे चुकीच्या उत्तरात. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो.

आता हे गणित करून पाहा. प्रश्न दोन गुणांचा, पर्याय चार. तुम्ही डोळे मिटून चार प्रश्नांवर बोट ठेवलं. सरासरी एक बरोबर येईल, तीन चुकतील. मिळाले २ गुण आणि गेलेही २ गुण. हातात भोपळा! पण दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत एवढं जरी ओळखता आलं, तर अंदाज फायद्याचा ठरतो. म्हणजे ‘मला काय माहीत आहे’ याइतकंच ‘मला काय माहीत नाही’ हेही ओळखावं लागतं.

दुसरा दरवाजा : मुख्य परीक्षा. इथे लिहायचं. नऊ पेपर, प्रत्येकी तीन तासांचे! त्यांतले दोन भाषांचे, एक भारतीय भाषा आणि एक इंग्रजी. यांत २५ टक्के मिळवले की झालं, ते गुण पुढे मोजत नाहीत. उरलेले सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे : एक निबंध, चार सामान्य अध्ययन आणि दोन तुमच्या आवडीच्या वैकल्पिक विषयाचे. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत वीस-वीस प्रश्न. तीन तासांत वीस, म्हणजे एका उत्तराला नऊ मिनिटं. वाचा, विचार करा, लिहा आणि पुढे चला!

तिसरा दरवाजा : मुलाखत. २७५ गुण. टेबलाच्या पलीकडे चार-पाच अनुभवी मंडळी आणि अलीकडे तुम्ही. ते तुमच्या गावाबद्दल विचारतील, पदवीबद्दल विचारतील, अर्जात लिहिलेल्या छंदाबद्दलही विचारतील. ‘छंद : वाचन’ असं उगाच ठोकून दिलं असेल, तर पुढचाच प्रश्न येतो, ‘अलीकडे काय वाचलंत?’ इथे येत नसलेल्या प्रश्नाला ‘माफ करा, मला हे माहीत नाही’ असं सरळ सांगणारा उमेदवार थापा मारणाऱ्यापेक्षा बरा ठरतो.

मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, मिळून २०२५. या बेरजेवर यादी लागते. त्यातूनच आयएएस, आयपीएस, परराष्ट्र सेवा, महसूल, लेखापरीक्षण, रेल्वे, टपाल अशा वीसेक सेवांमध्ये निवड होते.

आणि मराठी शाळेतल्या मुलांनी हे कान देऊन ऐका. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. मराठीतून परीक्षा देणारे कोल्हापूरचे भूषण गगराणी १९९० च्या तुकडीत आयएएस झाले. मात्र प्रश्नपत्रिका येते इंग्रजी आणि हिंदीत. म्हणून लिहायला मराठी असली, तरी वाचायला इंग्रजी पक्की हवी. एकीचा हात धरायचा म्हणजे दुसरीचा सोडायचा असं नाही!

आता आणा तो कांदा

‘बाप रे, एवढे पेपर! मग पुस्तकं तरी किती?’ असं वाटलं ना? थांबा. स्वयंपाकघरातून एक कांदा आणा. ८ डिसेंबर २०२३ ची बातमी आठवू : केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. ४ मे २०२४ रोजी ही बंदी उठली. वर्तमानपत्रात ही बातमी चार-पाच ओळींत वाचून आपण पान उलटतो. आज उलटायचं नाही. प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : एवढा कांदा नाशिकलाच का? हवा, जमीन, पाणी आणि लासलगावसारखी मोठी बाजारपेठ. मग पुढचं : उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो, मग पावसाळ्यातला लाल कांदा का टिकत नाही? त्यात पाणी जास्त असतं, तो लवकर सडतो किंवा त्याला कोंब फुटतात. म्हणजे लाल कांद्याच्या शेतकऱ्याला ‘भाव वाढेपर्यंत थांबतो’ असं म्हणताच येत नाही. हा झाला भूगोल आणि समाज, म्हणजे सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर.

दुसरा प्रश्न : शेती तर राज्याचा विषय, मग बंदी केंद्राने कशी घातली? राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात कामांच्या तीन याद्या आहेत : केंद्राची, राज्यांची आणि दोघांची मिळून. शेती आहे राज्यांच्या यादीत, पण परदेशांशी व्यापार आहे केंद्राच्या यादीत. एकाच कांद्याचे दोन मालक! शिवाय शेजारचा बांगलादेश आपला कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. २०१९ मध्येही अशीच बंदी आली होती. तेव्हा दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी हसत हसत तक्रार केली होती की, आम्ही आता स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलं आहे! राज्यघटना, कारभार आणि परराष्ट्र संबंध, हा दुसरा पेपर.

तिसरा प्रश्न : बंदी घातली की भाव का पडतो? माल तेवढाच, गिऱ्हाईक कमी, म्हणून. मग शेतकऱ्याने चाळ बांधावी का? कांदा वाळवून त्याची पावडर करणारे कारखाने निघाले तर? अवकाळी पाऊस आणि गारपीट यांचं काय? अर्थव्यवस्था, तंत्रज्ञान, पर्यावरण, आपत्ती, हा तिसरा पेपर.

आणि चौथा प्रश्न, सगळ्यांत अवघड : बंदी घालणं बरोबर की चूक? मुंबईच्या चाळीत महिन्याचं गणित जमवणाऱ्या आईला कांदा स्वस्त हवा. निफाडच्या शेतकऱ्याला खर्च निघेल एवढा भाव हवा. दोघेही खरे! तुम्ही नाशिकचे जिल्हाधिकारी आहात, रस्त्यावर शेतकरी बसले आहेत, मागे रुग्णवाहिका अडकली आहे आणि ‘बंदी उठवा’ म्हणणाऱ्यांना द्यायला तुमच्या हातात बंदी उठवण्याचा अधिकारच नाही. काय कराल? हा चौथा पेपर, नीतिमत्तेचा. असे प्रसंग त्यात खरोखरच देतात आणि ‘तुम्ही काय कराल व का?’ असं विचारतात.

पाहिलंत? एक कांदा सोलला आणि चार पेपर निघाले! ही परीक्षा म्हणजे जाड पुस्तकांचा ढीग आहे असं वाटतं, पण तिला हवं असतं ते हेच. समोरच्या साध्या गोष्टीचे धागे कुठे कुठे जातात ते दिसायला हवं, आणि ते दुसऱ्याला समजेल असं लिहिता यायला हवं. ही नजर क्लासमध्ये विकत मिळत नाही. ती लागते सवयीने. आणि सवय लावायला तुमच्याइतका वेळ कुणाकडे आहे?

६१५ मुलांची शाळा

आता थोडं कडू गणित. कडू आहे म्हणून लपवायचं नाही.

२०२२ च्या परीक्षेचे आयोगाने जाहीर केलेले आकडे असे : अर्ज आले ११,३५,६९७. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,७३,७३५, म्हणजे जवळजवळ निम्मे आलेच नाहीत! मुख्य परीक्षेसाठी पात्र झाले १३,०९०. मुलाखतीला बोलावले २,५२९. आणि अंतिम यादीत नावं आली ९३३. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक मुलींचे होते, हे जाता जाता सांगून ठेवतो!

एवढे मोठे आकडे डोक्यात बसत नाहीत. मग असं करा. तुमच्या शाळेच्या मैदानावर ६१५ मुलंमुली प्रार्थनेला उभी आहेत. पूर्वपरीक्षा झाली आणि मैदानावर उरले फक्त १४ जण. मुख्य परीक्षेनंतर उरले तीन. मुलाखतीनंतर एक.

त्या एकाचा फोटो पेपरात येतो, त्याची मिरवणूक निघते. पण मला सांगा, उरलेले ६१४ कुठे जातात?

पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत फिरून पाहा. गल्लोगल्ली अभ्यासिका दिसतील. तिथे बीड, नांदेड, यवतमाळ, सांगलीहून आलेले दादा-ताई सकाळपासून रात्रीपर्यंत वाचत बसलेले असतात. घरून येणाऱ्या पैशांत खोली, मेस, अभ्यासिकेची फी असं सगळं भागवतात. कुणाचं पहिलं वर्ष, कुणाचं पाचवं. खुल्या गटातल्या उमेदवाराला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा वेळा परीक्षा देता येते. इतर मागासवर्गासाठी वयाची मर्यादा ३५ आणि संधी नऊ. अनुसूचित जाती-जमातींसाठी मर्यादा ३७, आणि त्या वयापर्यंत कितीही वेळा. संधी मिळते हे चांगलंच. पण एकेक संधी म्हणजे तारुण्यातलं एकेक वर्ष असतं, आणि ते परत मिळत नाही. त्या ६१४ मध्ये हुशार मुलंच जास्त असतात. थोडक्यात हुकलेली असतात. ज्याच्या हाताशी दुसरी वाट असते तो पुन्हा उभा राहतो. ज्याने ती ठेवलेलीच नसते, त्याची फार ओढाताण होते.

म्हणून स्वप्न मोठं बघा, पण दुसरी वाट बंद करून बघू नका. धुळे जिल्ह्यातल्या सामोड्याचे राजेंद्र भारूड यांची गोष्ट पाहा. भिल्ल समाजातलं गरीब घर. वडील त्यांच्या जन्माआधीच गेले, आईने वाढवलं. नवोदय विद्यालयात शिकून त्यांनी मुंबईत एमबीबीएस केलं आणि २०१३ च्या तुकडीत ते आयएएस झाले. समजा, यादीत नाव आलं नसतं तर? ते डॉक्टर होतेच! पुढे ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना करोना आला. पहिली लाट ओसरू लागली तरी ते गाफील राहिले नाहीत. जिल्ह्यात प्राणवायू तयार करणारे प्रकल्प बसवून घेतले. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत देशभर प्राणवायूसाठी धावाधाव झाली, तेव्हा नंदुरबारची तयारी आधीच झालेली होती. त्यांच्यातला डॉक्टर कलेक्टरच्या मदतीला धावून आला म्हणा ना! आठवतात ना वनस्पतिशास्त्र शिकलेले चिंतामणराव? मनापासून शिकलेला विषय असा कुठे तरी उपयोगी पडतोच.

मग आत्ता काय करायचं?

या परीक्षेला बसायला वय लागतं किमान २१ वर्षं आणि हवी कोणत्याही शाखेची पदवी. म्हणजे आठवीत असलेल्याला अजून सात-आठ वर्षं आहेत. आत्ता ‘यूपीएससीचा अभ्यास’ करायचा नाही. पाच सवयी मात्र लावून घ्यायच्या.

१. रोज एक बातमी. संपूर्ण वर्तमानपत्र पाठ करू नका. एकच बातमी निवडा आणि तिचा कांदा करा! कुठे, का, कुणाच्या अधिकारात, कुणाचा फायदा, कुणाचं नुकसान. वहीत पाच ओळी लिहा.

२. नकाशा जवळ ठेवा. बातमीत नवं गाव, नदी किंवा देश आला की लगेच बोट ठेवून शोधा. वर्षभरात तुमचा भूगोल असा पक्का होईल की बाईच विचारतील, ‘कुठला क्लास लावलास?’

३. शाळेची पुस्तकं नीट वाचा. हे ऐकून हसू येईल, पण पुढे ही परीक्षा देणारे दादा-ताई सहावी ते बारावीची इतिहास, भूगोल, विज्ञान, नागरिकशास्त्राची पुस्तकं पुन्हा मिळवून वाचत असतात! नागरिकशास्त्र कमी मार्कांचं म्हणून तुम्ही ज्याला ऑप्शनला टाकता ना, तेच पुढे अख्खा पेपर होऊन येतं. एखादी गोष्ट खोलात जाऊन पाहायची असेल तर मराठी विश्वकोश आहे. आता तो संगणकावर फुकट वाचता येतो.

४. घड्याळ लावून लिहा. आठवड्यातून एकदा एकच प्रश्न, दीडशे शब्द, नऊ मिनिटं. ‘आमच्या गावात पाणी एक दिवसाआड का येतं?’ असा घरचाच प्रश्न घ्या. लिहून झालं की आईला किंवा आजोबांना वाचून दाखवा. त्यांना कळलं नाही तर दोष त्यांचा नाही. पुन्हा लिहा!

५. खेळा आणि एक तरी छंद खरा ठेवा. तबला, कबड्डी, पक्षी बघणं, पोस्टाची तिकिटं, काहीही. मुलाखतीत उपयोगी पडेल म्हणून नव्हे. दिवसभर माणसांच्या अडचणी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यालाही संध्याकाळी स्वतःचं असं काही तरी लागतं.

आणि एक जोडकाम. मे महिन्याच्या सुट्टीत ग्रामसभा असेल तर मोठ्यांबरोबर जाऊन मागे बसा. तहसील कचेरीत बाबा सातबारा काढायला निघाले तर त्यांच्याबरोबर जा. रांगेत उभं राहा, खिडकीपलीकडचा माणूस कसा बोलतो ते ऐका. उद्या त्या खिडकीपलीकडे तुम्ही असाल, तर रांगेतले हे पाय आठवायला हवेत.

आईबाबांसाठी दोन शब्द

हा मजकूर तुमची मुलं वाचत आहेतच, पण एवढा तुकडा तुमच्यासाठी.

आठवी-नववीपासूनच ‘पाया पक्का करून देतो’ म्हणणारे क्लास आता जागोजाग आहेत. पैसे भरण्याआधी एक गोष्ट मनाशी धरा : परीक्षेचं किमान वय २१ आहे. तोवर अभ्यासक्रम बदलू शकतो. २०११ मध्ये तो बदलला, २०१३ मध्ये पुन्हा बदलला. तेरा वर्षांच्या मुलाला आज पाठ करून घेतलेली उत्तरं तेव्हा शिळी झालेली असतील, वाचनाची गोडी मात्र शिळी होत नाही. या परीक्षेच्या अर्जाची फी अवघी १०० रुपये आहे आणि मुलींना तीही माफ आहे. महाग असतं ते पुढचं सगळं. तेव्हा खर्च कुठे आणि कधी करायचा, ते शांतपणे ठरवा.

मुलाला किंवा मुलीला आवडेल त्या विषयात पदवी घेऊ द्या. ‘यूपीएससीला बरी’ म्हणून नावडती शाखा लादू नका. आणि जेव्हा खरोखर तयारी सुरू होईल, तेव्हा पहिल्याच दिवशी घरात बसून ठरवा : किती वर्षं द्यायची, किती वेळा प्रयत्न करायचा आणि नाही जमलं तर पुढे काय. हे बोलणं म्हणजे अपशकुन नव्हे. उलट, ‘नाव आलं नाही तरी हे घर तुझंच आहे’ एवढं ऐकलेलं मूल जास्त मोकळेपणाने पेपर लिहितं.

या आठवड्याचं काम

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं, ‘मोठेपणी कोण होणार?’ तर बिनधास्त सांगा, ‘कलेक्टर!’ पण त्यांनी नाही विचारला तरी पुढचा प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारा. ‘होऊन काय करणार?’ त्याचं उत्तर दीडशे शब्दांत लिहा. नऊ मिनिटं लावा. तुमच्या गावातला, वॉर्डातला एकच प्रश्न निवडा आणि तो तुम्ही कसा सोडवाल ते सांगा.

ती वही जपून ठेवा. दरवर्षी वाढदिवसाला त्याच प्रश्नाचं नवं उत्तर लिहा. उत्तर बदलत जाईल, कदाचित ‘कलेक्टर’ हा शब्दही गळून पडेल आणि त्या जागी शिक्षक, इंजिनिअर, पत्रकार किंवा शेतकरी येईल. काही हरकत नाही. गावाचा प्रश्न सुटायला त्या सगळ्यांचे हात लागतात.

चला, वही काढा. आणि हो, तो कांदा आईला परत नेऊन द्या!